तांदळाच्या कोठीत सापडलेला मोबाईल

शाळेतून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली. तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातली आठ-दहा लेकरं दुपारी माझ्या ओसरीवर येतात. कुणाचं गणित कच्चं असतं, कुणाच्या घरी पंखा नसतो. मी दोघांनाही येऊ देतो. आमचं गाव शिरड शहापूरपासून दोन कोसांवर आहे. जे घडलं ते या ओसरीवर सुरू झालं आणि ते मी सुरू केलं. हे वाक्य लिहायला मला तीन महिने लागले.

मे महिन्यातल्या एका दुपारी सहा लेकरं एका मोबाईलवर डोकी टेकवून बसली होती. इतकी शांत, की मला संशय आला.

"काय बघून राहिले रे?"

"भुताचा पिक्चर, सर," धम्मदीप म्हणाला. हा आठवीत जाणारा, बोलायला सगळ्यांच्या पुढे. "पण खरा हाय."

"खरा कसा?"

"म्हंजे खरा न्हाई. पण खऱ्यासारखा. चार जणं जंगलात जातात आन् गायब होतात. मंग त्यांचा कॅमेरा सापडतो. त्याच्यात जे शूटिंग असतंय, तोच पिक्चर."

मी चष्मा लावून त्यांच्यात बसलो. हिंदीत डब केलेला कुठलासा परदेशी पिक्चर होता. पहिला अर्धा तास काहीच घडलं नाही. माणसं चालत होती, भांडत होती, बिस्किटं खात होती. कॅमेरा लग्नातल्या हौशी पाहुण्यासारखा हलत होता. संगीत नाही, देखणा नट नाही. मग कुठंतरी एक फांदी मोडल्याचा आवाज आला, कॅमेरा तिकडं वळला आणि तिथं काहीच नव्हतं. माझ्या पाठीतून शिरशिरी गेली. चौसष्टाव्या वर्षी, भर दुपारी दोन वाजता.

"ह्याचं भ्या काहून वाटतंय?" पिक्चर संपल्यावर मी विचारलं. शिकवायची सवय जात नाही.

आरोही म्हणाली, "सर, दुसऱ्या पिक्चरमधी कॅमेरावाला सुखरूप असतो. हिरो मेला तरी तो शूटिंग करूनच राहतो. इथं कॅमेरावालाच मरतो. मंग आपण कुणाच्या डोळ्यानं बघून राहिलो?"

आरोही धम्मदीपच्याच वर्गातली. पाच प्रश्न विचारले तर एकाचं उत्तर देते, पण ते उत्तर माझ्या डोक्यात राहतं. त्या संध्याकाळी मी त्यावर विचार करत बसलो. आमच्या लहानपणी भुताच्या गोष्टीत एक मामा असायचा. 'माझ्या मामानं डोळ्यांनी पाहिलं.' तो मामा कधी भेटायचा नाही, पण त्याच्यावाचून गोष्ट उभी राहायची नाही. या पिक्चरमध्ये मामाच्या जागी कॅमेरा आला होता. भीती भुताची नसते, साक्षीदाराची असते. एवढं मला उमगलं, आणि उमगल्याचा फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी लेकरं म्हणाली, "सर, आपणबी काढू." मी लगेच हो म्हणालो. मनाशी कारणही तयार ठेवलं होतं: लेकरांनी असलं खोटं एकदा स्वतःच्या हातानं बनवलं, की पुन्हा कुठल्या खोट्याला भुलणार नाहीत. पालकांनाही मी हेच सांगितलं. कारण वाईट नव्हतं. पण खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

जागा ठरली शाळेतली खिचडीची खोली. सुट्टीत ती बंद असते. भिंती काजळीनं काळ्या, कोपऱ्यात तांदळाची पत्र्याची कोठी, एकच खिडकी. किल्ली जनकाबाईंकडं होती. शाळेची खिचडी गेली चौदा वर्षं त्याच शिजवतात. त्यांचं घर विहाराच्या मागच्या गल्लीत. मी आणि आरोही किल्ली मागायला गेलो.

"भुताचा पिक्चर?" त्या हसल्या. "माझ्या खोलीत भूत कुठून आलं, गुरुजी? येका उंदराला तिथं टिकू दिलं न्हाई मी."

"मावशी, आमाला भूत बी लागतंय," आरोही म्हणाली. "नुसता हात. तुमी कराल?"

"मला भूत करता व्हय गं? करा बाई. हाताला काय, रोज वाढतोयच."

गोष्ट अशी होती. तीन लेकरं सुट्टीत खिचडीच्या खोलीत लपतात. चूल बंद असते तरी राख गरम लागते. एकेक लेकरू कमी होत जातं. शेवटी मोबाईल जमिनीवर पडतो आणि तिरका चालू राहतो. अंधारातून एक हात येतो, ताटात खिचडी वाढतो आणि ते ताट हळूच कॅमेऱ्याकडं सरकवतो. बस. ही कल्पना आरोहीची. मला ती इतकी आवडली, की मी तिच्या पाठीवर थाप मारली.

खिडकीला पोती लावून आम्ही दुपारीच चित्रीकरण केलं. जनकाबाई घामानं निथळत कोठीमागे बसल्या आणि फक्त उजवा हात पुढं केला. मनगटावर हिरवं गोंदण, त्याच्यावर शाळेच्याच पातेल्यानं भाजल्याचा पांढरा पट्टा. गावातल्या पंचवीस वर्षांखालच्या जवळपास प्रत्येकानं त्या हातचं खाल्लेलं आहे. दुसऱ्याच वेळी त्यांचं काम जमलं. "झालं का? माझ्या म्हशीची वेळ झाली," म्हणून त्या गेल्या.

मग आरोही म्हणाली, "सर, सुरुवातीला कुणीतरी सांगायला पायजे, की मोबाईल सापडला. तुमी सांगा. तुमचं सगळे खरं मानतात."

तो मामा मीच व्हायचं होतं. मी घरी जाऊन मजकूर लिहून काढला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि शाळेच्या पायरीवर उभा राहिलो. 'मी विश्वंभर, या शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. बारा मे रोजी हा मोबाईल मला शाळेच्या स्वयंपाकाच्या खोलीत, तांदळाच्या कोठीत सापडला. यातलं मी काहीही बदललेलं नाही.' तीन वेळा घेतलं. तिसऱ्या वेळी बोलता बोलता थांबून चष्मा काढायचा, हे मला आपोआप सुचलं. लेकरांनी टाळ्या वाजवल्या.

तिथंच पायरीवर बसून आरोहीनं मोबाईलवर सगळं जोडलं आणि शेवटी पाटी टाकली: 'हा पिक्चर आम्ही बनवला.' खाली सगळ्यांची नावं, सगळ्यात वर 'हात: जनकामावशी'. मी ते पाहिलं आणि म्हणालो, "हे काढ. नावं आली की भीती गेली."

ती म्हणाली, "पण सर, मावशीचा हात ओळखतील लोक."

"ओळखू दे. ओळखलं तरच भितील."

तिनं पाटी काढली. माझ्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती.

ओसरीवर सगळ्यांनी मिळून पिक्चर पाहिला, लहान पोरं किंचाळली, मोठी हसली. तिथंच संपायला हवं होतं. पण धम्मदीपच्या चुलत भावानं तो गावाच्या ग्रुपवर टाकला. चार दिवसांत तो आजूबाजूच्या गावांत, हट्ट्याला, औंढ्याला पोचला. शिरड शहापूरच्या बाजारात एका भाजीवालीनं मला ओळखलं.

"सर, ती लेकरं सापडली का हो?"

मी तेव्हा खरं सांगायचं होतं. मी म्हणालो, "शोध चालू हाय." आणि घरी येईपर्यंत गालात हसत होतो.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी तीसेक लेकरं घरून डबा घेऊन आली. तिसऱ्या दिवशी साठ. शाळेचा पट एकशे बारा. जनकाबाईंनी शिजवलेली खिचडी उरायला लागली. लहान पोरं खिचडीच्या खोलीसमोरून पळत जायची. पण डबे नुसते पहिली-दुसरीचे नव्हते. सातवी-आठवीच्या ज्या पोरांनी माझ्या ओसरीवर हसत हसत पिक्चर पाहिला होता, त्यांच्याही हातात डबे होते.

ते डबे कशामुळं होते हे मला कळलं. चौदा वर्षांपूर्वी जनकाबाई लागल्या तेव्हाही काही घरांतून असेच डबे आले होते. तेव्हा कारण कुणी तोंडानं बोललं नव्हतं, बोलता येण्यासारखं नव्हतं. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या नाही, हे कागदावर कसं लिहिणार? मी मुख्याध्यापक होतो. रोज पंगतीत पहिला बसून खात राहिलो आणि महिन्याभरात डबे बंद झाले. आता त्याच घरांना बोलता येण्यासारखं कारण मिळालं होतं. लेकरू भ्यायलंय. ते कारण मी दिलं होतं.

मी पुन्हा पंगतीत जाऊन बसलो. सगळ्यांना दिसेल असं खाल्लं आणि म्हणालो, "लेकरांनो, ते सगळं खोटं होतं. आपण बनवलेलं."

तिसरीतलं एक पोरगं डबा मांडीवर धरून माझ्याकडं बघत होतं. त्यानं विचारलं, "सर, तुमी तवा खोटं बोलले का आता बोलून राहिले?"

त्याचा चेहरा अगदी साधा होता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी ताट धुवून घरी आलो.

संध्याकाळी उकंडराव आला. हा शाळा समितीचा अध्यक्ष, माझाच विद्यार्थी.

"सर, आमी तरी काय करावं? लेकरं भिऊन खिचडी खाईनात. शनिवारी बैठक ठेवली. दुसरी बाई बघतो."

"कोण?"

"आमची भावजय हाय ना, चतुराबाई. तिला तसंबी घरी काम न्हाई."

"जनकाबाईंची काय चूक रे?"

"चूक कुणाचीच न्हाई, सर. पोरांनी नावंगावं न टाकता तसंच सोडून दिलं, त्याचा घोळ. त्या आरोहीला बापानं झोडपलं बरं का. मोबाईल बी काढून घेतला."

मी आत जाऊन चहा टाकला. तो चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मी जनकाबाईंकडं गेलो. त्या अंगणात तूर निवडत होत्या. त्यांनी बाज पुढं ओढली, पाणी दिलं.

"गुरुजी, दिवसभर शिजवायचं आन् म्हशीपुढं टाकायचं. म्हशीला लई मज्जा हाय सध्या."

"शनिवारी मी बोलतो बैठकीत."

"बोला. पर मला एक सांगा. शेवटी नावं येणार होती ना? आरोही म्हनली होती मला, मावशी, तुमचं नाव सगळ्यात वर टाकते. म्हनून मी कुणाला काय बोलले न्हाई. मला वाटलं, नाव आलं की लोकं हसतील."

सुपातली तूर खाली-वर होत होती. मी म्हणालो, "राहून गेलं ते."

चाळीस वर्षं वर्गात खोटं बोललास म्हणून मी लेकरांना बाकावर उभं केलं आहे. तीन शब्दांत मी माझी चूक तेरा वर्षांच्या पोरीवर ढकलली आणि पेला खाली ठेवून उठलो.

शुक्रवारी दुपारी आरोही ओसरीवर आली, एकटीच. डाव्या दंडावर काळंनिळं होतं. ती नेहमीच्या जागी बसली नाही, खांबाला टेकून उभी राहिली.

"सर, मी कुणालाच न्हाई सांगितलं. नावं काढायला तुमी लावली म्हणून."

"काहून न्हाई सांगितलं?"

"तुमचं नाव जाईल ना, सर." मग खिशातून एक जुना, काच फुटलेला मोबाईल काढला. "हा आज्याचा. त्या दिवशी मी हा बी पायरीवर ठेवला होता, दुसऱ्या बाजूनं शूटिंग व्हावं म्हणून. बंद करायचा राहिला. तुमी बोलले ते सगळं ह्याच्यात हाय. मावशीच्या हाताचं बी. कुणी बघितलं न्हाई. डिलीट करू का?"

ती मला वाचवायला आली होती. मार खाऊन, पुरावा घेऊन. माझ्या तोंडून शब्द निघाला, "कर."

तिनं मान खाली घातली आणि मोबाईल चालू केला. तो जुना असल्यामुळं उघडायला वेळ लागत होता. त्या वेळात मी तिच्या दंडाकडं बघत होतो.

"थांब," मी म्हणालो. "उद्या घेऊन ये. बैठकीत."

"पण सर..."

"घेऊन ये."

शनिवारी शाळेच्या मोठ्या वर्गात पंधरा-वीस माणसं होती. उकंडराव टेबलाशी, जनकाबाई दारापाशी खाली. त्यांना बाकावर बसा असं मी धरून कुणीच म्हणालं नव्हतं. मी उभा राहिलो आणि सांगितलं: पाटी आरोहीनं केली होती, ती मी काढायला लावली. हात ओळखू येईल हे ती म्हणाली होती, मी ऐकलं नाही. दोष पोरांचा नाही, जनकाबाईंचा तर नाहीच. माझा आहे.

उकंडरावच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा," तो सगळ्यांना म्हणाला, "असे मास्तर आता न्हाईत. लेकरांना मार बसू नये म्हणून सगळं सोताच्या अंगावर घेऊन राहिले."

"व्हय, सर तसेच हायत," मागून कुणीतरी म्हणालं. "लहानपणी माझ्याकून शाळेची काच फुटली तवा बी त्यांनी..."

"अरे, मी खरं सांगतोय."

"सर, बसा तुमी. आमाला माहीत न्हाई का तुमी कसे हाव ते."

मी खोटं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी मानलं होतं. आता खरं सांगत होतो आणि लोक कौतुकानं माना डोलवत होते. मी आरोहीला खूण केली. तिनं तो फुटका मोबाईल शाळेच्या टीव्हीला जोडला.

चित्र तिरकं होतं. अर्धी पायरी, अर्धं आकाश. कडेला मी, इस्त्रीच्या शर्टात. आपल्यावर कॅमेरा आहे हे माहीत नसलेला माणूस कसा असतो, ते मी पहिल्यांदा पाहिलं. मला आठवत होतं त्यापेक्षा मी कितीतरी खूश होतो. आरसा नव्हता म्हणून बंद दाराच्या काचेत बघून मी चष्मा काढायचा सराव करत होतो. एकदा, दोनदा, पाचदा. वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. मग लेकरं चौकटीबाहेर गेली आणि आवाज राहिला.

'हे काढ. नावं आली की भीती गेली.'

'पण सर, मावशीचा हात ओळखतील लोक.'

'ओळखू दे. ओळखलं तरच भितील.'

आणि त्यानंतर माझं हसणं. ते मला मुळीच आठवत नव्हतं. लांबलचक, मनापासूनचं हसणं. त्या परदेशी पिक्चरमध्ये मला कशाची भीती वाटली होती ते वर्गात बसून कळलं. पडद्यावरच्या माणसाला पुढं काय होणार ते ठाऊक नसतं आणि बघणाऱ्याला असतं.

उकंडरावनं समोरचा ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. आरोहीचा बाप मागच्या बाकावर होता. तो उठून बाहेर गेला.

जनकाबाईच बोलल्या. "अध्यक्ष, मंग सोमवारी किती लेकरांचं टाकू?"

"सगळ्यांचं टाका, मावशी."

"सगळे खातील का?"

"टाका तुमी," उकंडराव म्हणाला. पण त्याचा आवाज खाली होता, आणि मागं बसलेल्यांपैकी दोघा-तिघांनी खिडकीबाहेर पाहिलं.

त्यांचं काम राहिलं. सोमवारी चाळीस डबे आले, पुढच्या आठवड्यात पंचवीस. आज सप्टेंबरात नऊ आहेत. त्या नऊ घरांतली लेकरं कशालाही भीत नाहीत, हे गावाला माहीत आहे आणि आता त्यांच्याकडं सांगायला कारणही उरलेलं नाही. तरी डबे येतात. जे मी सुरू केलं ते मी परत घेऊ शकत नाही.

त्या शनिवारी माणसं पांगल्यावर मी व्हरांड्यात जनकाबाईंना गाठलं. काय बोलायचं ते घरून ठरवून आलो होतो, त्यातलं काहीच आठवलं नाही. त्या चप्पल पायात सारत होत्या.

"तुम्हाला राहून गेलं म्हणालो, तेही खोटंच होतं," मी म्हणालो.

"ते कळलं आता." त्या सरळ झाल्या. "गुरुजी, तुमी मला एक डाव विचारायचं होतं. हात वळखू येईल, चालंल का? येवढंच. मी न्हाई म्हनले असते."

"म्हणूनच विचारलं नाही."

त्यांनी मान हलवली. एवढ्या दिवसांत मी दिलेलं पहिलं खरं उत्तर त्यांनी ऐकून घेतलं. मग त्या खिचडीच्या खोलीकडं गेल्या, सोमवारसाठी तांदूळ पुरतो का ते बघायला.